सहा लाख चौऱ्याऐंशी हजारांची यादी: लॉकडाउन, एअरलाइन आणि प्रतापनगरचं एक तिकीट ऑफिस

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता लॉकडाउन जाहीर झालं आणि साडेनऊला दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, नागपुरात प्रतापनगरला दहा बाय बाराच्या गाळ्यात त्याचं तिकीट बुकिंगचं ऑफिस, आणि मी त्याचा जीएसटी, रिटर्न, हिशोब सगळं बघतो म्हणून असल्या वेळी पहिला फोन मलाच येतो. म्हणाला, "अबे, काय करून राहिला? पुढच्या तारखांची जेवढी तिकिटं काढून ठेवली आहेत ना, तेवढ्यांची यादी करून दे मले. आत्ताच. आकडा समजल्याशिवाय झोप नाही लागणार." मी लॅपटॉप उघडला, तो फोनवर एकेक पीएनआर सांगत गेला, मी एक्सेलमध्ये टाकत गेलो, दीड वाजला रात्रीचा. २७ पीएनआर, ६१ प्रवासी, एकूण रक्कम ६,८४,००० रुपये.

हे प्रकरण त्या यादीचं आहे. कोरोनाने विमान कंपन्यांचं काय झालं यावर जे वाचायला मिळतं त्यात बहुतेक कंपन्यांचे तोटे असतात, ते मी पण खाली देणार आहे कारण त्याशिवाय गोष्ट समजत नाही. पण मला मुख्य सांगायचंय ते हे की विमानं थांबली तेव्हा कंपन्यांना जो पैसा कमी पडला त्यातला बराच भाग प्रवाशांनी आधी भरलेल्या तिकिटांच्या पैशातून निघाला, म्हणजे प्रवाशांनी एअरलाइनला बिनव्याजी कर्ज दिलं, तेही त्यांना कोणी न विचारता. आणि ते कर्ज मागायला लोक एअरलाइनच्या दारात जाऊ शकले नाहीत, कारण दार कुठे आहे हेच माहीत नाही. ते दादाच्या दारात आले.

आधी हा धंदा कसा चालतो ते सांगतो, तिकीट काढणाऱ्याला हे बहुतेक माहीत नसतं. दादा आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा, एजंट नाही. ती मान्यता घ्यायची तर बँक गॅरंटी वगैरे लागते, छोट्या माणसाला झेपत नाही, म्हणून त्याच्यासारखे बरेच जण मोठ्या एजंटच्या पोर्टलवर सब-एजंट म्हणून काम करतात. पोर्टलला वॉलेट असतं, त्यात आधी पैसे टाकायचे, तिकीट निघालं की वॉलेटमधून कटतात, पोर्टल ते पुढे एअरलाइनला देतं. प्रवासी दादाला कधी आधी देतो, कधी दोन दिवसांनी, ओळखीतला असला तर पगार झाल्यावर. म्हणजे एअरलाइनची वसुली तिकीट निघतानाच पूर्ण झालेली असते, उधारी जी काही राहते ती दादा आणि गिऱ्हाइकामध्ये. आणि दादाला यात सुटतात एका प्रवाशामागे सरासरी दीडशे रुपये.

६१ गुणिले दीडशे, ९,१५० रुपये. एवढ्या कमाईसाठी ६,८४,००० ची जबाबदारी त्याच्या टेबलावर येऊन पडली. त्यातले १,१०,००० तर असे की जे गिऱ्हाइकांनी अजून दिलेच नव्हते, दादाने स्वतःच्या वॉलेटमधून तिकीट काढून ठेवलं होतं. ते लोक साहजिकच म्हणाले, "भाऊ, विमान उडालंच नाही तर पैसे कायचे?" त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

आता वेळ बघा कोणती होती. नागपूरच्या तिकीटवाल्याचं वर्ष ठरलेलं असतं. एप्रिल ते जून उन्हाळ्याच्या सुट्ट्या, ज्याला जमेल तो इथल्या उन्हातून पळून काश्मीर, सिमला, बंगलोर करतो. मग दसऱ्याला दीक्षाभूमी, देशभरातून लोक येतात. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन, त्या दोन आठवड्यांत मुंबई-नागपूरचं तिकीट मिळत नाही. आणि पावसाळा सोडून बाकी वर्षभर ताडोबा-पेंचचे पर्यटक, जे सोनेगाव विमानतळावर उतरतात आणि तिथून गाडी करतात. यातली एकेक गोष्ट २०२० मध्ये गळत गेली. उन्हाळा गेला, जंगल बंद झालं, दीक्षाभूमीचा सोहळा झाला नाही, अधिवेशन त्या वर्षी मुंबईला झालं आणि २०२१ लाही मुंबईलाच झालं, नागपूरला परत आलं ते डिसेंबर २०२२ मध्ये. मिहानमधल्या आयटी कंपन्यांची माणसं घरून काम करायला लागली, पुण्या-बंगलोरला असलेली आपली पोरं लॅपटॉप घेऊन घरी आली ती वर्षभर हललीच नाहीत. एअरलाइनला "मागणी घटली" म्हणतात ती अशी दिसते.

आता एअरलाइनची बाजू, आणि ती मी प्रामाणिकपणे मांडतो कारण त्यांच्याकडे पैसे असून त्यांनी दिले नाहीत असं माझं म्हणणं नाही. विमान उडालं नाही की वाचतं ते मुख्यतः इंधन, आणि विमानतळावर उतरण्याचे वगैरे चार्जेस. बाकी सगळं चालू राहतं. आपल्याकडची बहुतेक विमानं भाड्याची, म्हणजे लीजवर, आणि ते भाडं डॉलरमध्ये दर महिन्याला. पार्किंगचं भाडं. पायलट, केबिन क्रू, इंजिनिअर यांचे पगार. शिवाय उभं विमान नुसतं उभं ठेवता येत नाही, इंजिनवर आणि बाहेरच्या सेन्सरवर कव्हर घालायची, टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून चाकं फिरवायची, ठराविक दिवसांनी इंजिन चालवून बघायचं, नाहीतर परत उडवताना दुप्पट काम. २५ मार्च ते २४ मे असे दोन महिने देशात एकही नियमित प्रवासी विमान उडालं नाही, आंतरराष्ट्रीय तर त्याच्या आधीच बंद.

इंडिगो ही देशातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात मजबूत कंपनी, तिचेच आकडे घेऊ. २०१९-२० मध्ये तिचा महसूल सुमारे ३५,७०० कोटी होता, २०२०-२१ मध्ये तो सुमारे १४,६०० कोटींवर आला. तोटा सुमारे २३४ कोटींचा ५,८०६ कोटींवर गेला. एप्रिल ते जून २०२० या एका तिमाहीतच २,८४४ कोटींचा तोटा, म्हणजे भागाकार केला तर दिवसाला ३१ कोटींच्या वर. जुलै २०२० मध्ये त्यांनी १० टक्के कर्मचारी कमी करत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात एअर इंडियाने सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजेवर पाठवायची योजना आणली. देशात विमानाने फिरणारे २०१९ मध्ये १४.४१ कोटी होते, २०२० मध्ये ६.३० कोटी. जगभरात आयाटाच्या हिशोबाने २०२० ला प्रवासी वाहतूक ६५.९ टक्के घसरली. हे सगळं खरं आहे आणि भयंकर आहे.

पण यात एक गोष्ट दडलेली आहे जी हिशोब बघणाऱ्या माणसाला लगेच दिसते. एअरलाइनचा धंदा भिशीसारखा चालतो. जूनच्या तिकिटाचे पैसे फेब्रुवारीत येतात आणि त्या पैशातून फेब्रुवारीचं इंधन, मार्चचा पगार, लीजचा हप्ता जातो. नवीन लोक तिकीट काढत राहतात तोवर कोणाला काही जाणवत नाही. भिशीत आधी उचललेल्याने पुढचे हप्ते भरायचे थांबवले तर शेवटच्या नंबरवाल्याचं जे होतं तेच इथे झालं. आयाटाने मार्च २०२० च्या शेवटी सांगितलं होतं की लोकांनी विकत घेतलेल्या पण न वापरलेल्या तिकिटांपोटी जगभरच्या कंपन्यांवर जूनअखेरपर्यंत ३५ अब्ज डॉलरचं देणं येऊ शकतं. तेवढे पैसे गल्ल्यात नव्हते, ते आधीच खर्च झाले होते. मग देणार कुठून?

दुसऱ्या देशांनी हा खड्डा सरकारी पैशाने बुजवला. अमेरिकेने मार्च २०२० मध्येच कायदा करून प्रवासी विमान कंपन्यांच्या पगारासाठी २५ अब्ज डॉलर आणि वरून कर्जासाठी तेवढेच ठेवले, जर्मनीने लुफ्थान्साला ९ अब्ज युरोंचं पॅकेज दिलं. आपल्याकडे खाजगी कंपन्यांना अशी थेट रोख मदत झाली नाही. तिजोरीची स्थिती बघता ती द्यायला हवी होती असं मी म्हणणार नाही. पण मदत न देणं आणि प्रवाशांचे पैसे अडकवायला मोकळीक देणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ते कर्ज जनतेकडूनच घेतलं असं होतं, फक्त कुठल्या बजेटमध्ये ते दिसत नाही.

१६ एप्रिल २०२० ला विमान वाहतूक मंत्रालयाने एक सूचना काढली, की लॉकडाउनच्या काळात ज्यांनी लॉकडाउनच्याच काळातल्या प्रवासासाठी बुकिंग केलं त्यांना पूर्ण रिफंड द्या. दादाला मी फोन करून सांगितलं, तो खुश झाला, मग मी यादी बघितली. २७ पैकी एकही पीएनआर त्यात बसत नव्हता. लॉकडाउन लागल्यावर तिकीट काढणारे कितीसे असणार, आपली सगळी बुकिंग जानेवारी-फेब्रुवारीतली. जे लोक आधीपासून नियोजन करून, स्वस्तात मिळावं म्हणून लवकर पैसे भरतात तेच या रिफंडमधून वगळले गेले.

यादीतली सगळ्यात मोठी ओळ होती नागपूरच्या महाल भागातल्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपची. १८ जण, १२ एप्रिलला नागपूर-दिल्ली-श्रीनगर, ट्यूलिपची बाग बघायला. जाऊन येऊन माणशी १४,०००, म्हणजे २,५२,०००. ग्रुप जमवला होता ज्या बाईंनी त्यांनी दादाला आठवीत गणित शिकवलंय. त्यांनी सगळ्यांकडून दोन-दोन हजार करत पैसे गोळा केले होते, कोणी पेन्शनच्या दिवशी दिले, कोणाच्या मुलाने पाठवले, आणि शंभर पानी वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तारीख आणि सही. ती वही मी बघितली आहे. दादाच्या पोर्टलवर जेवढं नीट रेकॉर्ड नव्हतं तेवढं त्या वहीत होतं.

एप्रिलमध्ये एअरलाइनचा मेल आला. कुठली एअरलाइन ते नाव इथे नको. मेलमध्ये लिहिलं होतं की तुमची रक्कम क्रेडिट शेलमध्ये सुरक्षित आहे आणि वर्षभरात कधीही प्रवासासाठी वापरता येईल. क्रेडिट शेल म्हणजे एअरलाइनच्या खात्यात तुमच्या नावाने नोंदलेली रक्कम, त्यातून फक्त त्याच एअरलाइनचं तिकीट निघतं. सत्तरीच्या माणसांना कोरोनाच्या वर्षात विमानात बसायला सांगत होते. बाईंनी दादाला विचारलं, "बाळा, आमच्यातले एक सर ऍडमिट आहेत. हे क्रेडिट शेल मेडिकल स्टोअरवाला घेईल का?" हे सप्टेंबर २०२० मधलं, नागपुरात पहिली लाट तेव्हा टोकाला होती. दादाने हे मला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

त्याच्या आधी २५ मेला विमानं सुरू झाली ते थोडक्यात सांगतो. त्याच दिवशी नवतपा लागतो आपल्याकडे, कूलरच्या ताट्या भिजवून भिजवून लोक घरात बसले होते, आणि दादा मास्क, त्यावर फेसशील्ड लावून गाळ्यात. फक्त एक तृतीयांश विमानांना परवानगी. भाड्याला सरकारने खालून-वरून बंधन घातलं, ६० ते ९० मिनिटांच्या प्रवासाला कमीत कमी ३,००० आणि जास्तीत जास्त ९,०००. एकच चेक-इन बॅग, विमानात खाणं नाही, महाराष्ट्रात उतरलं की डाव्या हातावर शिक्का आणि १४ दिवस घरात. पुढे मधल्या सीटवरच्या माणसाला अंगावर गाऊन घालायला द्यायचे. कोण जाणार अशात? ज्याचा बाप गेला तो, ज्याची बायको बाळंत व्हायची होती तो. दादाने पहिल्या आठवड्यात चार तिकिटं काढली. भाड्याची खालची मर्यादा मला त्या वेळी बरोबर वाटली होती आणि आजही वाटते, कारण ती नसती तर तगड्या कंपनीने भाडं पाडून कमजोर कंपन्या तेव्हाच संपवल्या असत्या. पण स्वस्त तिकिटावर जगणारा गिऱ्हाईक तिने दूर ठेवला हे पण खरं आहे. ही बंधनं उठली ३१ ऑगस्ट २०२२ ला, आणि १०० टक्के विमानांना परवानगी मिळाली ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधली दीड वर्षं ३३, ४५, ६०, ७०, ८०, मग दुसऱ्या लाटेत परत ५०, असं वर-खाली चाललं.

आता त्या शेलचं. १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, प्रवासी लीगल सेल नावाच्या संस्थेच्या याचिकेवर. मी तो पूर्ण वाचला, दोनदा वाचला. आमच्यासारख्यांसाठी त्यात असं होतं की एअरलाइनने पंधरा दिवसांत पैसे परत करायचा पूर्ण प्रयत्न करावा, आर्थिक अडचणीमुळे शक्य नसेल तर क्रेडिट शेल द्यावं, ते ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता यावं, दुसऱ्या कोणाच्या नावे करता यावं, एजंटकडून तिकीट काढलं असेल तर त्याच एजंटमार्फत वापरता यावं, आणि तरीही उरलं तर ज्या खात्यातून पैसे आले त्या खात्यात परत जावे. शिवाय रद्द झाल्यापासून जून २०२० पर्यंत महिन्याला अर्धा टक्का आणि त्यानंतर मार्च २०२१ पर्यंत महिन्याला पाऊण टक्का शेलची किंमत वाढवायची.

मी बाईंच्या ग्रुपचा हिशोब केला. एप्रिल, मे, जून दीड टक्का, जुलै ते मार्च नऊ महिने पावणेसात टक्के, एकूण सव्वाआठ टक्के. २,५२,००० वर २०,७९०. वाचायला बरं वाटतं. पण ही वाढ शेलवर आहे आणि परत करायची रक्कम म्हणजे घेतलेलं भाडं, असा अर्थ त्या एअरलाइनने लावला, म्हणजे तुम्ही प्रवास केला तर वाढ मिळणार, पैसे मागितले तर मूळ रक्कम. आदेशाची भाषा वाचली तर असा अर्थ काढायला जागा आहे, हे मला मान्य करावं लागतं. तरी ज्या माणसाला प्रवास करणं शक्यच नाही त्याचेच पैसे वर्षभर बिनव्याजी वापरायचे हे मला पटलं नाही.

कोर्टाच्या आदेशाचा फायदा झाला मात्र, आणि तो सांगायला पाहिजे. दुसऱ्याच्या नावे करायची सोय आल्यावर दादाने डोकं चालवलं. कोणाचं शेल पडून आहे आणि कोणाला खरंच जायचंय याची जुळवाजुळव सुरू केली, नवीन प्रवाशाकडून पैसे घ्यायचे, तिकीट जुन्याच्या शेलमधून काढायचं, पैसे जुन्याला द्यायचे. प्रत्येक वेळी जुन्या प्रवाशाच्या मोबाईलवर ओटीपी येणार, तो त्याने फोनवर सांगायचा, तेवढ्यात सेशन संपणार, परत पहिल्यापासून. एकेका तिकिटाला दोन-दोन तास. शेवटचा हिशोब असा झाला: ६,८४,००० पैकी १,४६,००० दोन कंपन्यांनी ऑगस्ट २०२० पर्यंत रोख परत केले, राहिले ५,३८,००० शेलमध्ये. त्यातले १,९१,००० मार्च २०२१ पर्यंत असे वापरून निघाले. उरले ३,४७,०००, ज्यात बाईंचे २,५२,००० सगळेच्या सगळे.

आणि मध्ये सोनं गहाण गेलं. सप्टेंबर २०२० ला बाईंनी वही घेऊन सात नावांवर खूण केली, ज्यांना आत्ता गरज आहे अशी, स्वतःचं नाव त्यात नव्हतं. सात चौदा अठ्ठ्याण्णव, ९८,००० रुपये. वहिनीने स्वतः होऊन पाटल्या काढून दिल्या. दादाने सव्वा लाख उचलले, ९८,००० सात जणांना दिले आणि २७,००० गाळ्याचं तीन महिन्यांचं थकलेलं भाडं. व्याज महिन्याला एक टक्का, १,२५० रुपये, आणि ते सोनं सुटलं ऑगस्ट २०२१ मध्ये. बारा महिन्यांचं व्याज १५,०००. यादीतल्या सगळ्या ६१ तिकिटांवर मिळून कमाई होती ९,१५०, हे वर लिहिलंच आहे. मी हे दोन आकडे एकाखाली एक लिहून दादाला दाखवले तर तो म्हणाला, "मले माहीत आहे रे. पण बाईले मी काय सांगू? शेल सांगू?"

माझं इथे स्पष्ट मत आहे. देणं एअरलाइनचं होतं. तेव्हाच्या नियमातही तेच होतं, डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक, त्याच्या रिफंडच्या नियमात लिहिलं होतं की एजंट हा एअरलाइनचा प्रतिनिधी, त्याच्यामार्फत तिकीट काढलं असेल तरी रिफंडची जबाबदारी एअरलाइनची आणि ती ३० कामकाजाच्या दिवसांत पूर्ण व्हावी. पण प्रवासी ओळखतो दादाला. सक्करदऱ्यात भाजी घेताना भेटतो, लग्नात भेटतो. कागदावर जबाबदारी कोणाचीही असो, चेहरा ज्याचा दिसतो त्याच्याकडून वसूल होते. आणि एअरलाइनच्या कॉल सेंटरवर तेव्हा पाऊण-पाऊण तास नुसतं म्युझिक.

मदत कोणाला मिळाली तेही बघा. दादाकडे एअरपोर्ट पिकअपसाठी एक गाडी होती हप्त्यावर, तिला मार्च ते ऑगस्ट २०२० मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची मुभा, मिळाला, व्याज चढत राहिलं. मे २०२० मध्ये छोट्या धंद्यांसाठी सरकारी हमीचं कर्ज आलं, ३ लाख कोटींचं, पण ते २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्यावर जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के मिळायचं, आणि गाडीचं कर्ज धंद्याच्या नावावर नव्हतं, धंद्यावर दादाने कधी कर्जच घेतलं नव्हतं. शून्याचे २० टक्के. जून २०२१ मध्ये ट्रॅव्हल एजन्सींना १० लाखांपर्यंत हमीचं कर्ज जाहीर झालं, मी लगेच कागद गोळा करायला लागलो, तर ते पर्यटन मंत्रालयाची मान्यता असलेल्यांसाठी, अशा साधारण हजारभर संस्था अख्ख्या देशात. प्रतापनगरचा गाळा त्यात कुठून असणार. मे २०२० ची ती हमीची योजना पुढे विमान कंपन्यांसाठी वाढवत नेली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये एका कंपनीला १,५०० कोटींपर्यंतची मर्यादा झाली. मोठ्यांना मिळू नये असं माझं म्हणणं नाही. पण साखळी एकच आहे, पैसा वरून जाम झाला तर खाली पण मदत पोचायला पाहिजे होती.

मार्च २०२१ मध्ये नागपुरात परत कडक लॉकडाउन लागलं आणि एप्रिलमध्ये जे झालं ते नागपूरकरांना सांगायची गरज नाही. बेड नव्हते. विशाखापट्टणमहून ऑक्सिजनचे टँकर रेल्वेने आले तेव्हा लोक मोबाईलवर त्या गाडीचे व्हिडिओ बघत होते. बाईंच्या अठरा जणांतले एक सर त्याच महिन्यात गेले, ज्यांचे पैसे अजून मिळाले नव्हते त्यांच्यातले. ३१ मार्चनंतर पैसे परत यायला पाहिजे होते, ते जूनमध्ये पोर्टलच्या वॉलेटमध्ये आले, आणि वॉलेटमधून बँकेत यायला ऑगस्ट उजाडला, कारण वॉलेटचे पैसे तिकिटालाच वापरा, बँकेत पाठवायचे तर अर्ज करा, असं पोर्टलचं म्हणणं. दादा सरांच्या घरी १४,००० घेऊन गेला तर मुलगा म्हणाला, कायचे हो? त्याला ट्रिपचं माहीतच नव्हतं. दादाने बाईंची वही दाखवली, वडिलांच्या सह्या दाखवल्या, आणि मुलाने त्या पानाचा फोटो काढून घेतला.

३,४७,००० पैकी ३,३५,००० आले. १२,००० चा एक पीएनआर आजही माझ्या शीटमध्ये पिवळा आहे, एअरलाइन म्हणते पोर्टलला दिले, पोर्टल म्हणतं आलेच नाहीत.

पुढे गर्दी परत आली. २०२१ मध्ये ८.३८ कोटी, २०२२ मध्ये १२.३२ कोटी, २०२३ मध्ये १५.२० कोटी, म्हणजे कोरोनाच्या आधीपेक्षा जास्त. पण कंपन्यांचा तोटा गर्दीबरोबर गेला नाही. इंडिगोचा २०२१-२२ चा तोटा सुमारे ६,१६२ कोटी, लॉकडाउनच्या वर्षापेक्षा जास्त. कारण मे २०२० मध्ये दिल्लीत विमानाचं इंधन किलोलिटरला सुमारे २१ हजारांवर पडलं होतं तेव्हा विमानं जमिनीवर होती, आणि युक्रेन युद्धानंतर जून २०२२ मध्ये ते १ लाख ४१ हजारांवर गेलं तेव्हा विमानं भरून उडत होती. स्वस्त होतं तेव्हा वापरता आलं नाही, वापरायची वेळ आली तेव्हा महाग. मग जी कंपनी आधीच वाकलेली होती ती परत उभी राहणं अवघड. २ मे २०२३ ला गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यांनी दोष इंजिन पुरवणाऱ्या कंपनीला दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून विमानं बंद. परत तेच, ऐन मे महिना, परत लोकांच्या हातात पुढच्या तारखांची तिकिटं. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट बंद पडली तेव्हाही हेच झालं होतं. त्या वेळी कुठली साथ नव्हती.

म्हणून मी म्हणतो की साथीने हा दोष तयार केला नाही, तो होताच. न उडालेल्या तिकिटाचे पैसे उडेपर्यंत वेगळ्या खात्यात राहिले तर हा प्रश्न येणार नाही, किंवा निदान त्यांचा विमा असावा. ब्रिटनमध्ये विमानासकट टूर पॅकेज विकणाऱ्याला माणशी अडीच पौंड एका फंडात भरावे लागतात आणि कंपनी बुडाली तर त्यातून प्रवाशाला पैसे मिळतात. आपल्याकडे तिकिटावर युडीएफ, सिक्युरिटी फी, असे किती चार्जेस असतात, त्यात वीस-तीस रुपये यासाठी गेले तर कोणी कुरकुर करणार नाही. एअरलाइनवाले म्हणतील की ऍडव्हान्स वापरता आला नाही तर भाडं वाढेल. वाढेल थोडं. पण आज ती किंमत कोणीतरी देतोच आहे.

एप्रिल २०२२ मध्ये बाईंच्या ग्रुपमधले अकरा जण श्रीनगरला जाऊन आले. तेच जाऊन-येऊन तिकीट माणशी १९,००० ला पडलं. या वेळी दादाने पैसे हातात घेतलेच नाहीत. प्रत्येकाच्या मुलाला-मुलीला लिंक पाठवली, ज्याच्या त्याच्या कार्डवरून पैसे एअरलाइनला गेले, म्हणजे रिफंड झालाच तर सरळ त्याच कार्डवर येईल, आणि दादाने माणशी दोनशे रुपये सर्व्हिस चार्जची वेगळी पावती फाडली. आता सगळ्यांचं असंच करतो. उधारीवाले काही जुने गिऱ्हाईक यामुळे तुटले, ते मोबाईलवर स्वतः काढतात. गाळा सोडला, घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलंय, गाडी विकली. बाईंचे अकरा बोर्डिंग पास मात्र त्याने स्वतः प्रिंट काढून महालात नेऊन दिले, कारण बाईंना मोबाईलवरचा चालत नाही, आणि बाईंनी वहीत त्याची सही घेतली.